तोफ असली की युद्धनौका? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर तोफा चढवल्या, म्हणजे ती युद्धनौकाच झाली. मग जर्मन पाणबुड्यांनी ती इशारा न देता बुडवली तर दोष का द्यायचा, माझा लेख एकांगी आहे, असं तुमचं म्हणणं.

निम्मं मान्य. पाणबुडीला एक गोळा वर्मी बसला तरी पुन्हा बुडी मारणं अवघड व्हायचं. वर येऊन इशारा द्यायचा आणि समोरून गोळा खायचा, हा धोका खरा होता. १९ ऑगस्ट १९१५ ला ‘बॅरालाँग’ या व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या ब्रिटिश युद्धनौकेनं अमेरिकी झेंड्याआड जवळ जाऊन यू-२७ ही जर्मन पाणबुडी बुडवली आणि पाण्यात पडलेल्या जर्मनांनाही ठार केलं. हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं. चूक माझी.

पण तुमचाच मुद्दा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी १८ जानेवारी १९१६ ला मांडला होता. जहाजांनी तोफा उतरवाव्यात आणि पाणबुड्यांनी जहाज थांबवून, माणसं सुरक्षित उतरवूनच ते बुडवावं. तुम्ही यातला पहिला भाग घेता, दुसरा सोडता. ब्रिटनला हे रुचलं नाही, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी माघार घेतली. सशस्त्र जहाजांतून प्रवास करू नका, असं अमेरिकनांना बजावणारे ठराव मार्चमध्ये सिनेटनं ६८-१४ आणि प्रतिनिधीगृहानं २७६-१४२ मतांनी बाजूला सारले. ठराव बाजूला सारायला विरोध करणारे ते १४२ जण मला चुकीचे वाटत नाहीत. प्रवाशांना सावध करणं आणि प्रवाशांना मारणं यांत फरक आहे.

आता ‘लुसिटानिया’, १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवलेलं ब्रिटिश प्रवासी जहाज. तिच्या पोटात काडतुसं होती, पण डेकवर एकही तोफ नव्हती. १९१६ मध्ये जर्मन टॉर्पेडो लागलेली ‘ससेक्स’ तर इंग्लिश खाडी ओलांडणारी निःशस्त्र प्रवासी बोट. तोफेचा युक्तिवाद इथं कसा लावणार?

आणि जिच्यावर तोफ होती ती ब्रिटिश प्रवासी बोट ‘पर्शिया’! लंडनहून आपल्या मुंबईला येत होती. ३० डिसेंबर १९१५ ला भर दुपारी क्रीटजवळ टॉर्पेडो लागला आणि दहा मिनिटांच्या आत ती बुडाली. पाचशेवर माणसांपैकी सव्वातीनशेहून जास्त गेली, त्यांत हिंदुस्थानी खलाशीही होते. सगळ्या होड्या सोडायलाही वेळ मिळाला नाही. ती तोफ त्या दिवशी एकदाही उडाली नव्हती.

‘बॅरालाँग’चा परिच्छेद आज लेखात घातला आहे. ‘पर्शिया’बद्दल लिहिलेलं मात्र तसंच ठेवतो.