हिरड्यांतलं रक्त म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. गेल्या महिन्यात तीन पेशंटनी तो मला मोबाइलवर दाखवला. मजकूर थोडक्यात असा: हिरड्यांतून रक्त येतं ती अंगातली उष्णता, शुगरशी तिचा संबंध नाही. मशेरीने हिरड्या घट्ट होतात. दात साफ करून घेतले की हलायला लागतात. तेलाच्या गुळण्यांनी हिरड्या सुधारतात आणि शुगरही उतरते. डायबिटीस असेल तर दातांना हातच लावू देऊ नये. मी दातांची डॉक्टर आहे. हे वाचून लोक उपचार लांबवतात, म्हणून लिहायला बसले.

‘उष्णता आहे, शुगरशी संबंध नाही.’

हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचतो, तिथे सूज येते, म्हणून ब्रश लागला की रक्त येतं. ही सूज खोल गेली की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाचा पडतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हाच आपला पायोरिया. तोंडभर अशा खाचा असतील तर आतली सुजलेली जागा मिळून तळहाताएवढीही भरू शकते. एवढी जखम पायाला असती तर डायबिटीसचा माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. तोंडातली दुखत नाही, म्हणून राहून जाते.

या सुजेतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट, साखर चढलेली असली की हिरड्यांची सूज वाढते आणि भरून यायला वेळ लागतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांमध्ये डायबिटीसचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या १९९६ सालच्या अभ्यासात, ज्यांच्या हिरड्या आधीच फार खराब होत्या त्यांची साखर पुढे हाताबाहेर जाण्याची शक्यता जास्त दिसली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९९३ मध्ये, दातांचे संशोधक हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला डायबिटीसची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, किडनी यांच्या रांगेत.

‘मशेरीने हिरड्या घट्ट होतात.’

माझ्याकडे एक काकू आल्या. मशेरीची जुनी सवय, तर्जनीचं टोक तपकिरी झालेलं. ‘माझ्या हिरड्यांतून कधी थेंबभर रक्त आलं नाही,’ म्हणाल्या. हिरड्या खरंच फिकट आणि कडक दिसत होत्या. मी खाचा मोजायची बारीक सळई दाढेशेजारी अलगद सोडली, ती सात मिलिमीटर आत गेली. निरोगी हिरडीत ती तीनच्या पुढे जात नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही आणि आजार झाकला जातो. मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच वाटतं, कारण ते ऐकणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून पटतं.

‘साफ केले की दात हलतात.’

हलत ते आधीपासूनच असतात. कीटणाने त्यांना एकमेकांशी जखडून ठेवलेलं असतं. ते निघाल्यावर फट दिसते, काही दिवस थंड पाणी झिणझिणतं. मशीन दात घासून पातळ करत नाही, थरथरीने कीटण सोडवतं.

‘गुळण्यांनी शुगर उतरते.’

नाही. खाचेच्या तळाशी तेल पोहोचतच नाही.

मात्र आमच्या बाजूनेही वाढवून सांगितलं जातं, तेही मला खटकतं. ‘दात साफ करा, डायबिटीस जाईल’ हे खोटं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ जणांवर झालेल्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने साखरेत काही फरक दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेने, ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेलं निघालं. हा आकडा छोटा असला तरी कामाचा आहे, पण गोळी बंद करण्याइतका मुळीच नाही.

‘डायबिटीस असेल तर हात लावू देऊ नये.’

जखम भरायला वेळ लागतो, एवढं खरं. म्हणून आधी साखर आटोक्यात आणायची. दात आणि हिरड्या तशाच ठेवल्या तर जंतुसंसर्ग आतच राहतो. उपचाराला उपाशीपोटी मात्र येऊ नका. गोळी घेतलेली, पोटात काही नाही, अशा माणसाची साखर खुर्चीतच उतरते. नाश्ता करा, गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घ्या, सकाळची वेळ मागा आणि शेवटचा शुगरचा रिपोर्ट पिशवीत टाका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, फक्त आल्या आल्या आम्हाला सांगा.