तापा माझा, ढेकर आजोबांचा

काल मी चार ग्लास प्यायलो आणि स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या एका अनोळखी आजोबांचं रात्रीचं जेवण झालं. बिल अर्थात मी भरलं.

त्या तापा बारमध्ये मी पहिल्यांदा गेलो होतो ते संध्याकाळी साडेसहाला, किचन उघडतं साडेआठला, त्यामुळे ऑलिव्ह चघळून परत आलो होतो. बायको म्हणाली चूक तुझीच आहे, अजून एक चान्स दे. स्वतः मात्र आली नाही, हे नोंदवून ठेवा.

इथली पद्धत अशी की ड्रिंक घेतलं की तापा, म्हणजे सोबतची छोटी खाण्याची प्लेट, फुकट. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे पडतात, ग्रानादामध्ये नाही. पण तापा कुठला ते बहुतेक बारवालाच ठरवतो, पंगतीत वाढपी वाढेल ते घ्यायचं तसं. आणि आम्ही डाळिंबांच्या सांगोल्याचे, घर माळकरी. (ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब, फुटपाथच्या लोखंडी खुंटांवरसुद्धा डाळिंबं आहेत, त्यामुळे मला इथं फार परकं असं कधी वाटलं नव्हतं. कालपर्यंत.) मटण-मासे मी खात नाही. पिण्याचं विठोबा बघून घेतो.

तर पहिला तिन्तो दे वेरानो आला, म्हणजे रेड वाइनमध्ये लिंबाचा सोडा, आणि सोबत पावाच्या तुकड्यावर हामोन. मी म्हटलं, "नो कोमो कार्ने." मांस खात नाही. वेटर "आं?" म्हणेपर्यंत शेजारच्या स्टुलावरचे आजोबा वळले. डोक्यावर चपटी टोपी, ओठात टूथपिक, पायाखाली वापरलेल्या पेपर नॅपकिनांचा खच.

"कार्ने कुठंय यात? हामोन आहे."

"डुकराचंच ना पण, आजोबा?"

"डुकराचा पाय."

"मग?"

"त्रेवेलेसचा आहे! डोंगरावर, गार हवेत दीड वर्ष टांगून ठेवतात. दीड वर्षात मांस राहतं होय त्यात? हवाच उरते." हे सगळं ते इथल्या अंदालुसियन झटक्यात बोलत होते, म्हणजे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून, त्यामुळे मला निम्मं कळत होतं आणि उरलेल्या निम्म्याला मी मान डोलवत होतो. तिथंच घात झाला.

कारण त्या मान डोलवण्याला परवानगी समजून आजोबांनी दोन बोटांनी हामोनची चकती पावावरून अलगद सोलली, पोस्टाचं तिकीट सोडवतात तशी, उजेडाकडे धरून तिची चरबी न्याहाळली, तोंडात टाकली, बोटं चाटली, आणि त्याच बोटांनी पाव माझ्याकडे सरकवला. "या एस्ता. वेखेतारियानो." झालं, शाकाहारी.

पावावर तेलाचा गुलाबी डाग. मी बघत बसलो.

आता पोट भरायचं तर पुढचा तापा पाहिजे, तापा पाहिजे तर पुढचं ड्रिंक पाहिजे. दुसरा ग्लास, परत हामोन, परत सोलणं. तिसऱ्याला क्रोकेता आल्या, म्हणजे आत सारण भरून तळलेले छोटे रोल, गरम गरम, मला वाटलं बटाट्याच्या असतील, आजोबांनी एक मोडून आत डोकावून बघितलं, खेदाने मान हलवली आणि दोन्ही स्वतःच खाल्ल्या. चौथ्याला तर त्यांनी प्लेट माझ्यापर्यंत पोचूच दिली नाही.

शेवटी पैसे देऊन वांगी मागवली, बेरेन्हेनास कोन मिएल. काय सांगू, आपले वांग्याचे कापच की ते, आणि वरचा तो 'मध' म्हणजे चक्क उसाची काकवी. डोळे भरून आले राव. आणि आजोबांचा काटा आलाच. म्हटलं हे तर भाजीच आहे, हे तरी सोडा! तर म्हणतात, "मी पण भाजी खातो, मी काय रानटी आहे का?"

बिल: चार ड्रिंक्स दोन ऐंशीची, वांगी सहा, एकूण सतरा युरो वीस सेंट. ज्या गावात खाणं फुकट मिळतं त्या गावात. मी वेटरला तावातावाने विचारलं, शाकाहारी माणसाला द्यायला तुमच्याकडे काहीच नसतं का हो?

तो म्हणाला, "असतं की. दुसऱ्या ग्लासालाच चीज देणार होतो. पण तुमचे मित्र म्हणाले राहू दे, त्याला पावच आवडतो."

वळून बघितलं तर आजोबा टोपी सारखी करत होते. "उद्या जरा लवकर ये," म्हणाले, "नऊनंतर क्रोकेता संपतात."