‘पॉश’ मुंबईच्या बोटीतून आला नाही

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी ‘९९ टक्के लोकांना माहीत नसलेलं’ ज्ञान टाकलं. तुमच्याकडेही ते येऊन गेलं असेलच. इंग्रजीतले जुने शब्द म्हणे आद्याक्षरं जोडून झाले: न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, गोल्फ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’, टिप म्हणजे ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ आणि पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’.

मामा, चारही चूक.

पॉशपासून सुरू करतो, कारण त्यात आपली मुंबई ओढली आहे. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू (पोर्ट) सावलीची, परतताना उजवी (स्टारबोर्ड). म्हणून पी अँड ओ कंपनी श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पॉश’ शिक्का मारायची, अशी कथा. तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय नकाशा बघा. तांबड्या समुद्रात बोट दक्षिण-आग्नेयेला चाललेली, म्हणजे डावी बाजू पूर्वेकडे. सकाळचं ऊन थेट त्याच महागड्या केबिनीत! एडन बंदरानंतर बोट पूर्वेकडे वळते, तिथे हिवाळ्यात डावीकडे सावली मिळेल, हे कबूल. पण जूनमध्ये मुंबईजवळ भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो.

तारखाही जुळत नाहीत. १९१४ मध्ये हा शब्द छापलेला सापडतो तो ब्रिटिश घोडदळाच्या संदर्भात, सरकारी गणवेशाबाहेरच्या झकपक कपड्यांसाठी. बोटीची कथा छापून आली १९३५ च्या सुमारास.

मग मूळ कुठलं? खात्रीचं उत्तर नाही. एक तर्क मात्र मला भारी आवडतो. रोमानी, म्हणजे जिप्सींच्या भाषेत ‘पाश’ म्हणजे अर्धा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरट्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, पुढे नुसताच पैसा. आणि हा ‘पाश’ संस्कृत ‘पार्श्व’मधून आलेला, आपल्या ‘माझ्यापाशी’तल्या ‘पाशी’चा चुलतभाऊ. तर्क बरोबर असेल तर शब्द इकडूनच गेला, तोही पायी, बोटीच्या कितीतरी आधी.

न्यूज? ‘न्यू’चं अनेकवचन, फ्रेंच ‘नूव्हेल’च्या धर्तीवर. आपण ‘काय नवीन?’ विचारतो, तसंच.

गोल्फ स्कॉटलंडचा. १४५७ मध्ये तिथल्या संसदेनं फुटबॉलसोबत त्यावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसायचे. बंदी बायकांना नव्हती, सगळ्यांनाच होती. उलट स्कॉटलंडची राणी मेरी नवऱ्याच्या खुनानंतर काही दिवसांतच गोल्फ खेळली, असा तिच्या शत्रूंनी आरोप केला होता.

टिप ही सतराव्या शतकातली चोरांची भाषा: ‘टिप’ म्हणजे दे, सरकव. इतकंच.

मुळात आद्याक्षरांचे शब्द करायची हौस विसाव्या शतकातली. रडार तसा शब्द आहे, १९४० चा. ऑफिसात सक्तीनं बसवतात ते ‘पॉश ट्रेनिंग’ही तसंच: ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’, म्हणजे लैंगिक छळाला प्रतिबंध.

हे सगळं टाकल्यावर मामांनी अंगठा दाखवला आणि लगेच पाठवलं: ‘एसओएस म्हणजे सेव्ह अवर सोल्स.’

नाही हो मामा. बोटीवरून मदत मागायची ही मोर्स लिपीतली खूण: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. खरखरीतही चटकन ओळखू येतं म्हणून १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरलं. आत्मे नंतर आले.