जर्मनीला साक्षीला बोलावू नका

गेल्या महिन्यात साताऱ्यात एक गुणगौरव समारंभ झाला. स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेल्या माण तालुक्यातल्या एका मुलानं माइकवर सांगितलं, हे यश माझं नाही, गोंदवल्याच्या महाराजांचं आहे. त्याच्यानंतर एक निवृत्त प्राध्यापक बोलायला उठले आणि त्यांनी भर सभेत त्याला सुनावलं: पेपर तू लिहिलास, महाराजांनी नाही, देव देव करणारे मागेच राहतात, युरोपकडे बघा. झालं. शाल-श्रीफळ राहिलं बाजूला आणि गावात दोन तट पडले. हे सगळं मामेभावानं मला फोनवर रंगवून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ताई, आता तूच सांग, तुमच्या जर्मनीत देव मानतात का नाही?"

माझं डोकं फिरतं ते इथं. जर्मनी म्हणजे साताऱ्याच्या कोर्टातला भाडोत्री साक्षीदार, ज्याला हवा त्यानं उभा करावा. आमचे एक काका म्हणतात, ते लोक रविवारी चर्चला जातात म्हणून एवढी शिस्त. प्राध्यापक म्हणतात, चर्च ओस पडली म्हणून एवढी प्रगती. स्टुटगार्टच्या एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, फलाटावर सकाळी पावणेसातला उभं राहून बघा म्हणावं, शिस्त किती आणि प्रगती किती ते. गाडी रद्द झालेली असते.

माझ्या पगाराच्या कागदावर चर्च-कराच्या रकान्यात दर महिन्याला दोन आडव्या रेघा छापून येतात. म्हणजे ही बाई कुठल्याच चर्चची नाही, हिचं काही कापू नका. ज्यांचं कापतात त्यांच्या आयकराच्या आठ टक्के जातात. बायर्न आणि आमचं राज्य सोडलं तर बाकीकडे नऊ. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं घराचा हप्ता सुरू झाला तसं श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्नाच्या सरकारी नोंदणी कार्यालयात, जाऊन चर्चमधून नाव काढलं. डिसेंबरात मात्र तो त्याच चर्चच्या गायकवृंदात बाखचं संगीत गातो. पैशासाठी देव सोडला, गाणं सोडलं नाही. याला कुठल्या तटात बसवणार?

आणि श्रद्धेचा नोकरीशी संबंध नाही म्हणता? इथं तर तो कागदावर आहे. कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्थांकडे मिळून दहा लाखांहून जास्त माणसं कामाला आहेत. दवाखाने, वृद्धाश्रम, बालवाड्या. एका कॅथलिक रुग्णालयातल्या मुख्य डॉक्टरला घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून काढून टाकलं होतं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं, 2018 मध्ये तिथून निकाल आला, आणि पुढच्या वर्षी जर्मन कामगार न्यायालयानं डॉक्टरच्या बाजूनं कौल दिला. हे सांगितल्यावर मामेभाऊ खूश. "म्हणजे आपल्यासारखंच की!" नाही रे बाबा. इथं निदान नियम लिहिलेला असतो, त्याच्याशी भांडता येतं. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग कुलदैवत, आणि नोकरी नाही मिळाली तर कशामुळे ते कुणी सांगत नाही.

प्राध्यापकांच्या बोलण्यात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचंही नाव आलं म्हणे. म्हणजे त्यांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. वेबरनं 1904-05 मध्ये मांडलं ते नेमकं उलटं होतं: प्रोटेस्टंट श्रद्धेनं माणसाला कामाला जुंपलं आणि त्यातून भांडवलशाहीला बळ मिळालं. त्यासाठी त्यानं आकडे घेतले बाडेनमधले, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे. त्यावर शंभर वर्षं वाद चालला. 2009 मध्ये बेकर आणि व्योसमान या दोन अर्थतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाचे जिल्हावार आकडे तपासून दाखवलं की प्रोटेस्टंट जिल्हे पुढे होते ते मुख्यतः लोकांना वाचता येत होतं म्हणून. प्रत्येकानं बायबल स्वतः वाचावं हा प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथरचा आग्रह. त्यासाठी शाळा निघाल्या, आणि पोट भरलं ते त्या वाचनानं.

हे वाचलं तेव्हा मला बाडेन नाही, काले आठवलं. कऱ्हाडजवळचं. तिथं 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीला. एकदा पोरांच्या धान्याला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ही श्रद्धा होती की श्रद्धा बाजूला ठेवणं होतं, याचा निकाल दोन्ही तटांनी बसून लावावा. माझा अंदाज, तो मुलगा आणि ते प्राध्यापक दोघंही रयतच्याच शाळेतले असणार. दोघांच्याही भाषणात भाऊराव आले नाहीत.

माणमध्ये पोरं अभ्यासाला का बसतात हे माणमधल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. रानात पाणी नाही. शेतीवर भागत नाही म्हणून कुणी परीक्षा देतो, कुणी मुंबईला माथाडीत जातो. तिकडे विटा-आटपाडीकडचे लोक सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर गेले, आणि पैसा झाल्यावर गावाकडे देवळं बांधली. क्रम बघा: आधी भट्टी, मग कळस. देणगीदारांच्या फरशीवर नाव आलं की माणूस यशस्वी. यात हसण्यासारखं काही नाही, मीही त्याच रांगेतली आहे.

प्राध्यापकांनी दाभोलकरांचाही दाखला दिला. डॉक्टर साताऱ्याचेच. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे त्यांनी किती सभांत सांगितलं असेल! 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना पुण्यात गोळ्या घातल्या, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्या डिसेंबरात मंजूर झाला. एका पोरानं महाराजांचं नाव घेतलं म्हणून भर सभेत त्याचा पाणउतारा करणं त्यांच्या नावावर खपवू नये.

आता माझं. माझा व्हिसा माझ्या आईच्या जपानं झाला. हे माझं मत नाही, आईचं आहे, आणि अख्ख्या शाहूपुरीला ते माहीत आहे. मी रात्र रात्र जर्मनची क्रियापदं घोकली, पण श्रेय गेलं तेरा कोटी रामनामाच्या संकल्पाला. वर्षानुवर्षं मला याचा राग येई. मग करोनाच्या वर्षी आमच्या कंपनीत कुर्त्सआर्बाइट, म्हणजे कमी तासांचं काम, सुरू झालं, माझा करार मुदतीचा, पुढचं कुणी काही बोलेना. त्या रात्री बेट्रीब्सराटला, म्हणजे कंपनीतल्या कामगार प्रतिनिधी मंडळाला, मेल टाकल्यावर मी आईला फोन केला आणि म्हटलं, "जरा जप वाढव." देव आहे की नाही हा प्रश्नच त्या वेळी मनात नव्हता. माझ्यासाठी जगात कुणीतरी जागं आहे एवढंच हवं होतं. दोन आडव्या रेघांना कोण जागं राहतं?

करार कायम झाला. श्रेय कुणाचं ते विचारू नका, घरी भांडण होईल.

इथं यश म्हणजे काय, तेही धड सांगता येत नाही. माझ्या साहेबानं विभागप्रमुखपद आपणहून सोडलं आणि ऐंशी टक्के वेळ काम घेतलं, मुलगी लहान आहे म्हणून. कुणी भुवई उंचावली नाही. साताऱ्यात असं केलं असतं तर लोकांनी आधी तब्येत विचारली असती, मग चौकशी कुणाची लागली ते. हे मी गावाकडे मोठ्या ऐटीत सांगते. पण कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही अशा ठिकाणी माझी बढती झाली तेव्हा मी संध्याकाळी घरी येऊन केअरवोखेचा, म्हणजे सफाईच्या पाळीचा, जिना पुसला. पेढे कुणाला द्यायचे?

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने इथं होती. माझं घर बघून झालं, ऑफिसची इमारत बाहेरून बघून झाली. एक दिवस भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "तुला इथं कोण कोण ओळखतं गं?" मी बोटं मोजायला लागले. बेकरीतली बाई, खालच्या मजल्यावरच्या आजी, ऑफिसातले चार-सहाजण, गणपतीला भेटणारं मराठी मंडळ. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढीच? मग अजून जप करायला लागणार."