न वाचण्याची सोय

कागदी पुस्तक चांगलं की ई-बुक, या वादात दोन्ही बाजूंची माणसं एक गोष्ट धरूनच चालतात, की वाचणारा वाचणार आहे. एक गट कोऱ्या पानांच्या वासाबद्दल हळवा होतो, दुसरा गट एका यंत्रात हजार पुस्तकं मावतात म्हणून छाती फुगवतो. पण पुस्तकाचं बहुतेक आयुष्य न वाचलेल्या अवस्थेतच जातं, त्याचं काय? त्या काळात कोणतं पुस्तक जास्त सुखाचं, हे कुणी विचारतच नाही. या विषयात माझा अधिकार मोठा आहे, म्हणून सांगतो. कागदी.

कागदी पुस्तक विकत घ्यावं, पहिल्या पानावर सही करून तारीख घालावी, की निम्मं वाचून झाल्याचं समाधान मिळतं. मग ते कपाटात कणा दाखवत उभं राहतं आणि अवाक्षर काढत नाही. पाहुणे येतात, मान तिरकी करून नावं वाचतात, विचारतात, "हेही वाचलंत?" आपण म्हणावं, "शेवट जरा घाईत उरकलाय असं वाटलं मला." हे वाक्य कुठल्याही कादंबरीला लागू पडतं आणि आजवर कुणी त्याला हरकत घेतलेली नाही. धूळ झटकायला पुस्तक खाली काढलं, की मी आतली खुणेची पट्टी वीस-पंचवीस पानं पुढे सरकवून ठेवतो. त्या वेगाने आमच्याकडचे दोन जाडजूड ग्रंथ संपतही आले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मुलीने वाढदिवसाला ई-रीडर दिला.

पहिल्या संध्याकाळी मी खूश होतो. हातात जेमतेम २०० ग्रॅम वजन. अक्षरं मोठी करता येतात म्हटल्यावर मी ती मनसोक्त मोठी केली, इतकी की एका पानावर दोन वाक्यंही मावेनात. पानं सटासट उलटू लागली. असा झपाटा मला लहानपणी गोष्टी वाचतानाही जमला नव्हता. अभिमानाने खाली पाहिलं, तर कोपऱ्यात लिहिलेलं होतं, ३%. अक्षर वाढवलं की मजकूर नव्याने वाहतो आणि पानं वाढतात, पण टक्का जिथल्या तिथे राहतो, ही त्यातली मेख. शाळा सुटल्यापासून मला कुणी टक्के विचारले नव्हते.

दुसऱ्या कोपऱ्यात 'या प्रकरणाला ११ मिनिटं शिल्लक' अशी सूचना असते. हा हिशेब तो आपल्याच वाचण्याच्या वेगावरून मांडतो. एकाच परिच्छेदावर मी घुटमळत राहिलो की मिनिटं वाढतात. म्हणजे मला समजलं नाही, हेही त्याला समजतं. आणि ते तो लिहून दाखवतो.

पण खरं पितळ उघडं पाडलं ते बॅटरीने. मी जेवणाच्या टेबलावर कौतुकाने म्हणालो, "काय सुंदर यंत्र आहे! महिना होत आला, अजून चार्ज करावं लागलं नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, बॅटरी मुख्यतः पान उलटताना खर्च होते."

मग तिने मला, आणि दुर्दैवाने माझ्या बायकोलाही, सगळं समजावून सांगितलं. त्या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा हलका झटका बसला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा वर आले की तिथेच बसून राहतात, त्यासाठी पुन्हा वीज लागत नाही. पडद्यामागचा उजेड बंद असेल, तर एकच पान आठवडाभर समोर ठेवलं तरी बॅटरीचं फारसं काही जात नाही. बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे भरलेली बॅटरी हा पुरावाच की." तेव्हापासून मी अधूनमधून टीव्ही बघताना नुसती पानं उलटतो. कपाटातल्या पुस्तकांसाठी एवढे कष्ट कधी घ्यावे लागले नव्हते.

ई-बुकचा जन्म झाला तेव्हा ही हेरगिरी नव्हती. ४ जुलै १९७१ रोजी मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला. ते पहिलं ई-बुक मानतात. सहा जणांनी ते उतरवून घेतलं म्हणे. त्या सहांपैकी किती जण शेवटपर्यंत पोचले, हे कळायची काही सोय नव्हती. केवढा सुसंस्कृत काळ!

आता तर न वाचणाऱ्याला रोख फटकाही बसतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं. लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली, कंपनीने पैसे परत केले. इथवर ठीक. न वाचलेलं पुस्तक आपोआप नाहीसं व्हावं आणि वर पैसे परत मिळावेत, यापरतं सुख कुठलं? पण ज्यांनी पुस्तकात टिपा लिहिल्या होत्या, त्यांना २५ डॉलर जास्तीचे दिले. म्हणजे कोण मन लावून वाचत होतं आणि कोण नाही, याची यादी तयार होती! त्यांच्याकडून एकही पुस्तक घेतलेलं नसताना मला हे लागलं.

आपले जुने लेखनिक बघा. पोथी लिहून झाली की शेवटी पुस्तकाच्याच तोंडून एक श्लोक घालत:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मला वाच, असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. चारही अटी मी आजन्म पाळत आलो आहे. (चौथीबद्दल घरात मतभेद आहेत.)

कागदाची बाजू घेणारे अलीकडे संशोधनाचा दाखला देतात. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत १ लाख ७० हजारांवर माणसं होती. माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त समजतो, असं निघालं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. ठीक आहे, पण ती सगळी वाचणारी माणसं. आमची शिरगणती कोण करणार?

गेल्या आठवड्यात मात्र यंत्र पहिल्यांदा माझ्या बाजूने उभं राहिलं. माझं आणि मुलीचं खातं एकच आहे. मी ज्या कादंबरीत ९ टक्क्यांवर मुक्काम ठोकून आहे, ती तिने तिच्या फोनवर वाचून काढली. रात्री मी ई-रीडर उघडला तर त्याने अदबीने विचारलं, दुसऱ्या उपकरणावर तुम्ही याच्या बरंच पुढे गेला आहात, तिथे नेऊ का? वाचकाला 'तुम्ही' म्हणणाऱ्या यंत्राला नाही कसं म्हणायचं? मी 'हो' दाबलं. क्षणात १००%. अभिनंदनाची पाटी आली, पुढे काय वाचाल म्हणून पाच मुखपृष्ठं आली आणि खाली प्रश्न आला, पुस्तक कसं वाटलं, तारे द्या.

मी चार दिले. पाचच्या पाच दिले असते, तर वाचलेलं नाही हे कुणीही ओळखलं असतं. खाली अभिप्रायाची चौकट रिकामी होती, तिथे लिहिलं, "शेवट जरा घाईत उरकलाय."