नऊशे रुपये आणि ‘दोन मिनिटांचं मशीन’: भांडुपच्या गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तीन दिवसांत चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला आणि गुरुवारी दुपारी आम्ही तुमचा फोन उचलला नाही, दोन्हीबद्दल माफी मागतो. फोन काउंटरवर होता, मी गाडीखाली. संध्याकाळी मिस कॉल दिसला तेव्हाच उलटा फोन करायला हवा होता.

पण ‘दोन मिनिटं मशीन लावायचे नऊशे रुपये, सरळ लूट’ हे वाचून गप्प बसवत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी स्कॅनर लावला तेव्हा आत एकही कोड (गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा जो नंबर नोंदवतो तो) नव्हता. तुम्हीच म्हणालात, ऑनलाइन मागवलेल्या ब्लूटूथ स्कॅनरने सकाळी मोबाईलवरून उडवला. सर, कोड उडवला की नुसता नंबर जात नाही. बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, लोड किती होता, ती फ्रीझ फ्रेमची नोंदही जाते. म्हणजे मला बिघाड पुन्हा घडवून आणायचा होता, आणि थंड असताना तुमची गाडी लोण्यासारखी चालत होती.

मुलुंड चेकनाक्यापर्यंत फेरी मारली, काही नाही. रविवारी गॅरेज बंद असतं, तरी आलो. ऐरोली पुलाच्या चढावर, इंजिन चांगलं तापल्यावर गाडीने झटके दिले, तेव्हा कुठे पी०३०२ आला. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पण कशामुळे? स्टेशनच्या इंडिकेटरवर लोकल उशिरा आहे एवढं दिसतं, कुठे अडकली ते दिसत नाही, कोडचंही तसंच. दुसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग, तिसऱ्यावर टाकली, गाडी परत तापवली, कोड पी०३०३ झाला. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे कॉइलच गेलेली. या सगळ्यात मशीनची दोन मिनिटं खरीच. (फेऱ्यांचं पेट्रोल तुमचं जळलं, हेही मान्य.)

तुमच्या मोबाईलवर पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पण दिसला होता, म्हणून तुम्ही ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणत होतात. सिलिंडर मिस मारतो तेव्हा तिथली हवा न जळता सायलेन्सरकडे जाते. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि गाडीला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर चांगला होता. तो बदलून मोठं बिल लावलं असतं तर तुम्ही तेव्हा हसत दिलं असतंत. हे लिहू नका असं घरून सांगितलं होतं, पण लिहितो. तपासणी ९००, कॉइल २,३५०, बसवायची मजुरी शून्य. बिल तुमच्याकडे आहेच.

आता दिवा परत का लागला? गाडी पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. पण प्लगच्या खड्ड्यात थोडं ऑइल होतं, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग पाझरतंय. ते ऑइल कॉइलला लागलं तर मिसिंग परत येऊ शकतं. गाडी देताना मी ते सांगितलं, तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात. बिलावर मात्र आम्ही ते लिहिलं नाही, ती चूक आमचीच. यापुढे लिहून देत जाऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

वडिलांपासूनचं गॅरेज आहे, सर. ‘लूट’ हा शब्द आमच्याबद्दल पहिल्यांदाच वाचला.

गाडी घेऊन या, तपासणीचे पैसे पुन्हा लावणार नाही. दिवा लुकलुकत असेल तर मात्र चालवत येऊ नका, न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा सायलेन्सरच्या लाइनमधला भाग) जळतो. फोन करा, मी माणूस पाठवतो. आणि कृपा करून, येण्याआधी कोड उडवू नका.