ऑलिंपिक सुवर्णाविना सर्वांत मोठा पैलवान? माझं मत अली अलियेवला

हा वाद निघाला की बहुतेक जण डोळे झाकून रिझा कायाल्पचं नाव घेतात. त्यात चूक काही नाही. तुर्कस्तानचा हा ग्रीको-रोमनचा (फक्त कमरेच्या वर पकड चालते ती कुस्ती) हेवीवेट पाच वेळा जगज्जेता झाला: २०११, २०१५, २०१७, २०१९, २०२२. ऑलिंपिकमध्ये मात्र दोन कांस्य आणि एक रौप्य. लंडनची उपांत्य फेरी, रिओची अंतिम फेरी, टोकियोची पुन्हा उपांत्य फेरी. तिन्ही वेळा समोर क्यूबाचा मिहाईन लोपेझ आणि तिन्ही वेळा हार. आता गंमत बघा. याच लोपेझला कायाल्पने २०११ आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत हरवलेलं होतं. म्हणजे लोपेझवर त्याच्याकडे तोड होती, फक्त ती ऑलिंपिकमध्ये कधी लागू पडली नाही. २०२४ ला लोपेझने पाचवं सुवर्ण घेऊन निवृत्तीची खूण म्हणून पॅरिसच्या मॅटवर बूट काढून ठेवले, तेव्हा कायाल्प डोपिंगच्या प्रकरणामुळे स्पर्धेतच नव्हता. माझ्या हिशेबात तो इथेच खाली सरकतो.

दुसरं नाव येतं अमेरिकेच्या ली केम्पचं. १९७८, १९७९ आणि १९८२ चा जगज्जेता. मधल्या १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि ऐन भरातला माणूस घरी बसला. १९८४ ला निवड चाचणीत डेव्ह शुल्ट्झने त्याला हरवलं आणि लॉस एंजेलिसमध्ये सुवर्णही शुल्ट्झनेच घेतलं. याच केम्पने १९७५ मध्ये, कॉलेजात असताना, साक्षात डॅन गेबलला, १९७२ च्या ऑलिंपिक विजेत्याला, हरवलं होतं! पण ज्याला मॅटवर उतरूच दिलं नाही तो आणि जो उतरून हरला तो, यांना एका तराजूत घालू नये असं मला वाटतं. केम्पवर राजकारणाने अन्याय केला. वाद उतरून हरलेल्यांचा आहे.

बायकांच्या कुस्तीत तर हा घोळ आणखी मोठा. ऑलिंपिकमध्ये ती आलीच २००४ ला. कॅनडाची क्रिस्टिन नॉर्डहेगन सहा वेळा जगज्जेती, पण ती सगळी विजेतेपदं २००१ पर्यंतची. अथेन्सला ती गेली तेव्हा तिचा भर ओसरला होता. जपानच्या क्योको हामागुचीची पाच जागतिक सुवर्णं, त्यातली तीन १९९७ ते १९९९ मधली. ऑलिंपिकचं दार उघडल्यावर अथेन्स आणि बीजिंग दोन्हीकडे कांस्य. या दोघींची नावं अशा चर्चेत कुणी काढतही नाही, याचा मला राग येतो.

अमेरिकेच्या ॲडलिन ग्रेकडे मात्र अशी कुठलीच सबब नाही. सहा वेळा जगज्जेती, दोन ऑलिंपिक. रिओत उपांत्यपूर्व फेरीत बाहेर, टोकियोत अंतिम फेरीत जर्मनीच्या अलिने रोटर-फोकनकडून हार. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ओस्लोत सहावं जागतिक सुवर्ण! तिचं पहिलं, २०१२ चं सुवर्ण ६७ किलोतलं, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या वजनगटातलं. ते वजा केलं तरी पाच उरतात. अमेरिकेच्याच काइल डेकच्या चार जागतिक सुवर्णांना हीच कात्री लावली तर निम्मीच उरतात, कारण त्याची पहिली दोन ७९ किलोतली आहेत.

रशियाच्या बेसिक कुदुखोवबद्दल मात्र माझं मन घट्ट होत नाही. चार वेळा जगज्जेता, बीजिंगला कांस्य, लंडनला रौप्य. त्याच लंडनमध्ये त्याने आपल्या योगेश्वर दत्तला हरवलं, आणि तो अंतिम फेरीत गेल्यामुळेच योगेश्वरला रेपेचाजमधून (अंतिम फेरीत गेलेल्याकडून हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी) कांस्य मिळालं. डिसेंबर २०१३ मध्ये अपघातात गेला, वय अवघं २७. २०१६ मध्ये त्याचा जुना नमुना पुन्हा तपासल्यावर डोपिंगचा ठपका आला. तेव्हा ते रौप्य योगेश्वरला मिळेल अशी चर्चा झाली, पण ते कुदुखोवच्या घरच्यांकडेच राहू द्या, असं योगेश्वर म्हणाला होता. पुढे कुदुखोवच हयात नाही म्हणून ते प्रकरण बंद झालं.

आता माझा माणूस. अली अलियेव, सोव्हिएत संघाचा, दागेस्तानचा पहिला जगज्जेता. फ्रीस्टाइल (पायांनाही पकड चालते ती कुस्ती). १९५९, १९६१, १९६२ ला ५२ किलोत, १९६६ आणि १९६७ ला ५७ किलोत. नुसतं पाच म्हणून पुढे जाऊ नका. त्या काळी ऑलिंपिकच्या वर्षी जागतिक स्पर्धा होत नसे आणि मधलं एखादं वर्षही रिकामं जाई. १९५९ ते १९६७ मध्ये फ्रीस्टाइलच्या जागतिक स्पर्धा झाल्या फक्त सात. सातांपैकी पाच याच्या! वजनगटही दोन्ही ऑलिंपिकमधलेच, त्यामुळे तिथेही बोट ठेवायला जागा नाही. शेवटचं विजेतेपद तर त्याने दिल्लीत मिळवलं. त्याच गटात आपल्या बिशंबर सिंगला रौप्य मिळालं होतं.

आणि ऑलिंपिक? एकही पदक नाही. १९६० ला रोममध्ये त्याच्या गटात तुर्कस्तानचा अहमेत बिलेक जिंकला, १९६४ ला टोकियोत जपानचा योशिकात्सु योशिदा.

कुणी म्हणेल, मोठ्या मंचावर कच खाणारा गडी तो. मला पटत नाही. तेव्हाची दंडगुणांची पद्धत बघा. चीतपट केलं तर शून्य, गुणांवर जिंकलात तरी एक दंडगुण, बरोबरीला दोन, गुणांवर हरलात तर तीन, चीत झालात तर चार. सहा झाले की घरी. म्हणजे एकही कुस्ती न हरता, नुसत्या तीन बरोबरीत सोडवूनही माणूस बाहेर पडे. जागतिक स्पर्धेतही हीच पद्धत होती म्हणा, पण तिथे पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी परत येता यायचं. ऑलिंपिकसाठी चार वर्षं थांबायचं, तेही ५२ किलोत वजन धरून.

म्हणून माझ्या यादीत अलियेव पहिला, ग्रे दुसरी, कायाल्प तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल करायची तर खुशाल करा, पहिल्या नंबरावर मी हटणार नाही.